सुभेदारांच्या कौलांवरची संध्याकाळ

परवा सुनेचा कॉम्प्युटर सुरू होईना. आदल्या दिवशी तिने त्यात काहीतरी नवं घालून घेतलं होतं, आणि आता पडदा काळाठिक्कर. ती घामाघूम झालेली. मी पेपर बाजूला ठेवून विचारलं, "भिंतीवरचं बटण चालू आहे का गं?" "बाबा, एवढं कळतं हो मला," ती म्हणाली. बटण चालूच होतं. फक्त त्यात खोचलेला प्लग मिक्सरचा होता. मी हसलो नाही. गिऱ्हाइकासमोर हसायचं नसतं, हा नियम मी जन्मभर पाळला, तो काय सुनेसाठी मोडायचा?

कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण नवं यंत्र घरात आणलेला माणूस मला चांगला कळतो. सत्तरच्या दशकात साताऱ्यात मी रेडिओ आणि पुढे टीव्ही बसवायचं, दुरुस्त करायचं काम केलं. हे काम कुठे शिकलो, दुकानात कसा लागलो, ते सांगत बसलो तर दिवाळी संपून तुळशीचं लग्न लागेल. म्हणून ते सोडून देतो. एवढंच सांगतो की यंत्र बिघडण्यापेक्षा यंत्र आणि माणूस यांची ओळख पटण्यात जास्त घोटाळे होतात. माझी निम्मी हयात या ओळखी करून देण्यात गेली.

पाचगणीला एक पारशी बाई एकट्या राहत. नवा टीव्ही बसवून आलो, तर तिसऱ्या दिवशी निरोप: सेट मेला. वाईवरून घाट चढून गेलो. बाई म्हणाल्या, "चालू करते, काहीच नाय दिसते. परत बंद करते, परत चालू करते. दोन दिवस हेच चाललाय." मी बटण दाबलं आणि त्यांच्याकडे चहा मागितला. त्या काळच्या टीव्हीत काचेचे व्हॉल्व्ह असत. चुलीसारखे ते आधी तापायचे आणि मगच चित्र यायचं. बाईंना तेवढा धीर नव्हता. पडदा काळा दिसला की त्या बंद करत, त्यामुळे बिचारा सेट कधी तापतच नव्हता. चहा उकळून येईपर्यंत पडदा उजळला. बाई कपबशी तशीच हातात धरून म्हणाल्या, "डिकरा, तू हात पण लावला नाय!" नंतर बरेच दिवस त्या टीव्ही लावला की आधी चहा ठेवायच्या. मला वाटतं, चहाने टीव्ही चालतो अशीच त्यांची समजूत शेवटपर्यंत राहिली असावी.

इस्लामपूरकडच्या एका पाटलांचा रेडिओ होता. मोठा, लाकडी पेटीचा. अशा रेडिओची एक तार जमिनीत पुरावी लागे, आणि ती जागा कायम ओली लागे. जमीन सुकली की रेडिओ घोगरा होई, नुसता गुणगुणत बसे. मी एक युक्ती काढली होती. तार तुळशीवृंदावनाच्या बुडाशी पुरायची. तुळशीला रोज पाणी पडतंच, त्यामुळे तार ओली राहायची आणि पुण्यही पदरात पडायचं. एका उन्हाळ्यात पाटील तावातावाने दुकानात आले. "रेडिओ घसा धरून बसलाय. चांगला म्हणून घेतला, आन हे असलं!" मी विचारलं, "वहिनी घरी आहेत का?" पाटलांचे डोळे लाल झाले. "ती लेकीच्या बाळंतपणाला गेलीया. पण रेडिओचा आन तिचा काय संबंध?" मी त्यांच्याबरोबर गेलो आणि वाळून कोळ झालेल्या तुळशीत दोन बादल्या पाणी ओतलं. थोड्या वेळाने रेडिओ खणखणीत बोलू लागला. पाटील एकदा तुळशीकडे, एकदा रेडिओकडे बघत म्हणाले, "आयला, म्हंजी ही बाई घरात नसली तर रेडिओबी बोलत न्हाई व्हय?"

अशी माणसं पुष्कळ भेटली. पण एका कामाची आठवण झाली की अजून माझे दंड दुखू लागतात.

भुईंजच्या बाजूला कृष्णाकाठी एक गाव आहे. तिथले एक निवृत्त सुभेदार एके दिवशी कोट घालून दुकानात आले. उसाची बागायत, भरदार मिशा आणि आवाज कवायतीच्या मैदानावरचा. "टीव्ही पायजे. चांगला. गुढीपाडव्याला चालू झाला पायजे," एवढंच बोलले. त्या काळी टीव्ही घ्यायचा म्हणजे माणसं अख्खं घर घेऊन दोन-तीनदा येत, पडद्याला हात लावून बघत, शेजारच्यांनी कुठला घेतला ते विचारत. सुभेदारांनी समोर होता त्या सेटकडे बोट केलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आमचे शेठही चकित झाले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सेट घेऊन मी गेलो. आपल्याकडे चित्र यायचं ते सिंहगडावरून, पुण्याच्या केंद्राचं. मध्ये खंबाटकीचा डोंगर. त्यामुळे चित्र गाळून आल्यासारखं यायचं, आणि अँटेना नेमकी रोखली नाही तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. प्रक्षेपण फक्त संध्याकाळी असे, म्हणून अँटेना लावायचं कामही संध्याकाळीच. सुभेदारांच्या कौलारू घराच्या आढ्यापाशी मी लोखंडी नळी उभी केली, तिला अँटेना आवळली, आणि खाली बघणाऱ्याला विचारत विचारत नळी बोटबोटभर फिरवत राहिलो. शेवटी चित्र स्वच्छ झालं. सुभेदारांनी लगेच सेटवर चादर टाकली. "उद्घाटन उद्या. तवर कुणी बघायचं न्हाई. आन तुमीबी उद्या हजर पायजे. आर्डर समजा."

सणाच्या दिवशी घर सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी जेवून दुपारच्या एसटीने गेलो. गावात घरोघर गुढ्या उभ्या होत्या. सुभेदारांची गुढी सगळ्यांत उंच, जरीची साडी उन्हात झळकत होती. मी खालूनच मान डोलावली आणि आत गेलो.

सुभेदार सरपंचांना बोलवायला गेले होते. त्यांच्या मंडळींनी, म्हणजे मावशींनी, मला पुरणपोळी वाढली. मी नको म्हणत असताना वर तूप ओतलं आणि समोर बसून राहिल्या.

"टीव्हीवाले, आज ते शेतीचं दाखवत्यात, ते नक्की दिसंल न्हवं?"

"दिसेल की मावशी. काल बघितलंय मी."

"आमचा हणमंता हाय त्यात." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

हणमंता त्यांचा एकुलता एक मुलगा. शेतकी शिकून आला आणि म्हणाला, द्राक्षं लावू. सुभेदार म्हणाले, कृष्णेचं पाणी पिणाऱ्या रानात उसाशिवाय काही लागणार नाही. बापही हट्टी आणि लेकही. मुलाचे सासरे तासगावचे. त्यांनी आपलं खडकाळ रान जावयाला कसायला दिलं. मुलगा बायकोला घेऊन तिकडे निघाला, तेव्हा सुभेदार भर गावात म्हणाले, "सासऱ्याच्या दारात ऱ्हाणारा माझ्या दारात उभा ऱ्हायचा न्हाई." घरजावई हा शब्द आमच्याकडे शिवीच आहे. मुलगा परत आला नाही, आणि मावशींना तिकडे जायची परवानगी नव्हती.

"नातू झालाय. चालाया लागला म्हणं," मावशी म्हणाल्या. "मी अजून बघितला न्हाई. आन आता हणमंताच्या बागंत मुंबईची माणसं यून चित्र काढून गेली. ती पाडव्याला दाखवनार, आसं बाजारात एकानं ह्यास्नी सांगितलं. हे काय बोललं न्हाईत. दुसऱ्या दिशी कोट घातला आन साताऱ्याला गेलं."

"म्हणजे त्यांनाही बघायचंय की."

"आसंल. पर तुमी त्यांच्याम्होरं नाव काढू नगा. कुस्त्या बघाया टीव्ही आणलाय म्हणून समद्यास्नी सांगत्यात." मग त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आवं, आन न्हाई दिसलं तर? माझं पोरगं समद्या मुलखाला दिसंल, आन मलाच न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, मी इथे आहे ना." असं बोलायला काय लागतं?

दिवस कलला तशी सोप्यात माणसं दाटली. सुभेदारांनी टीव्हीला हार घातला. नारळ ते सेटच्या डोक्यावरच फोडणार होते. मी त्यांना हात धरून उंबऱ्यापाशी नेलं. बटण दाबलं. पडदा उजळला आणि मुंग्या नाचू लागल्या. "अजून वेळ व्हायचीय," मी ऐटीत सांगितलं. कार्यक्रमाच्या आधी थोडा वेळ नुसती एक पट्ट्यापट्ट्यांची आकृती दाखवत, ती आली की अँटेना बरोबर आहे असं समजायचं.

तिची वेळ झाली. आकृती काही आली नाही.

मी चित्र खेचून घेणारी बूस्टरची डबी बघितली. मागची वायर काढून परत लावली. सेटचं पाठीमागचं झाकण उघडलं. सगळे व्हॉल्व्ह लालसर पेटलेले. जवळचा एक नवा व्हॉल्व्ह काढून बदलून पाहिला. मुंग्या तशाच. सरपंच शेजारच्याला म्हणाले, "नव्या मालातबी खोट आसती म्हणायची." सुभेदारांची मिशी हलत होती. दाराआड मावशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं चित्र कुठे गेलं? सेट तर ठणठणीत होता. मग उरलं बाहेरचं. मी अंगणात आलो, वर बघितलं, आणि कपाळावर हात मारला.

"सुभेदार, गुढी कशाला बांधलीत?"

"नळीला," सुभेदार छाती काढून म्हणाले. "एवढी उंच काठी गावात दुसरी हाय का?"

सकाळी त्यांनी नळी सैल केली होती, गुढीची काठी तिच्या शेंड्याला बांधली होती, आणि सगळं पुन्हा ताठ उभं केलं होतं. वर तांब्याचा गडू, त्याखाली जरीची साडी. ती साडी अँटेनाच्या नळ्यांवरून घुंगटासारखी खाली आलेली, आणि जरीची धातूची तार चित्राला आत शिरू देत नाही. वर सुभेदार आणखी म्हणाले, "साडीचा घोळ रस्त्याकडं दिसावा म्हणून नळी जरा फिरिवली." म्हणजे मी बोटबोटभर फिरवून रोखलेली अँटेना आता सिंहगडाकडे पाठ करून मुख्य रस्त्याकडे बघत होती. आणि मी दुपारी त्याच गुढीला मान डोलावून आत गेलो होतो. पाडव्याच्या दिवशी गुढीकडे बघून कुणाला शंका येते?

"आधी गुढी उतरवा," मी म्हणालो.

"दिवस मावळल्याबिगार?" सुभेदारांचा आवाज चढला. "न्हाई. हे जमायचं न्हाई."

जमलेल्यांपैकी एकानेही माझी बाजू घेतली नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या घरची गुढी मीही उतरवू दिली नसती. सूर्यास्ताआधी गुढी खाली घेणं म्हणजे वर्षाच्या पहिल्याच दिवशी आपल्या हाताने घराला अपशकुन करणं. सूर्य वैराटगडाच्या वर अजून हातभर होता. तो मावळेपर्यंत शेतीचा कार्यक्रम संपला असता.

मावशी बाहेर आल्या. एवढ्या पुरुष माणसांत त्या कधी येत नसाव्यात, कारण सगळे गडबडीने बाजूला सरकले.

"मी उतरिवते," त्या म्हणाल्या.

"काय बोलतीस?"

"पाप लागंल ते मला लागंल. इतकी वरसं तुमचं ऐकलं. तुमी म्हणाला जायचं न्हाई, मी गेले न्हाई. नातवाच्या बारशाला गेले न्हाई. आज मी हणमंताचं त्वांड बघनार."

ते नाव त्या अंगणात बऱ्याच वर्षांनी उच्चारलं गेलं असावं. सुभेदारांनी एकदा गुढीकडे बघितलं, एकदा मावशींकडे. त्यांना हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. लढाईत गोळ्या अंगावर घेतलेला माणूस, आणि असा अडकलेला! मला त्यांची दया आली.

"थांबा," मी म्हणालो. "गुढी जागची हलणार नाही. मी अँटेनाच खालून काढून घेतो. शिडी आणा."

शिडी सुभेदारांनी स्वतः आणली आणि स्वतःच धरली. अनवाणी पायांनी कौलं सांभाळत मी आढ्यावर चढलो. साडीखाली हात घातला तर अँटेनाचे नट जेमतेम हाताला लागत होते. मोगऱ्याच्या माळा नाकाशी, कडुलिंबाची पानं मानेवर. पहिला नट निघाला, तो खिशात टाकला. दुसरा बोटांतून निसटला, कौलांवरून टणाटण उड्या मारत गेला आणि गोठ्याच्या बाजूला कुठेतरी गडप झाला. अँटेना मात्र साडीखालून अलगद बाहेर आली. गुढी होती तशी उभी.

आता ती नळीला साडीच्या खाली परत आवळायची, तर दुसरा नट नव्हता. शोधायला वेळही नव्हता. मग मी आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभा राहिलो, अँटेना डोक्याच्या वर धरली आणि खंबाटकीच्या दिशेने तोंड केलं.

"बघा!"

खिडकीत सरपंच, अंगणात एक पैलवान गडी, अशी साखळी लागली. "काय न्हाई!" "आलं आलं!" "गेलं की रं!" "डाव्या अंगाला घ्या!" "कुणाच्या डाव्या?" "तुमच्या! न्हाई, न्हाई, ह्या!" मी गावभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होतो, आणि गावभर मला उत्तरं देत होतं. मग एकदम सगळीकडून आरडाओरडा झाला, "थांबा! हालू नगा!"

मी थांबलो.

कार्यक्रम सुरू झाला असावा. मला दिसत होती ती उसाची शेतं, पाट, आणि हळूहळू खाली सरकणारा सूर्य. नाकावर माशी बसली होती. दंडांना रग लागली. कौलांच्या फटींतून आवाज तेवढा वर येत होता. प्रश्न विचारणारा शहरी आवाज, आणि त्याला उत्तर देणारा दुसरा. तो खर्जातला, ठासून बोलणारा. छाटणी, पाणी, खडकाळ जमीन. आवाज ऐकताच कळलं, हा सुभेदारांचाच मुलगा. तसाच कवायतीच्या मैदानावरचा.

खाली शंभरएक माणसं असतील, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

अशात माझ्या पायाखालचं एक कौल सरकलं. तोल सावरताना अँटेना हलली, आणि आतून खरखर सुरू झाली. तेवढ्यात सुभेदारांची गर्जना माझ्या कानांवर आदळली.

"टीव्हीवाले! माझं पोरगं गेलं की हो! आणा त्याला माघारी!"

मी अँटेना पुन्हा जागेवर आणली. आता हात तुटले तरी हलायचं नाही असं ठरवलं. आतून तो आवाज परत आला, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. जरा वेळाने बायकांमध्ये एकदम कालवा झाला. मागाहून कळलं, शेवटी हणमंताच्या शेजारी वेलीच्या सावलीत बसून द्राक्षं खाणारं एक पोर दाखवलं होतं. मावशी म्हणे टीव्हीपाशी गेल्या आणि पडद्यावरून दोन्ही हातांनी अलाबला घेतली. ज्याच्यासाठी मी छपरावर उभा राहिलो, त्या हणमंताचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. पण त्या दिवशी त्याचं मला काहीच वाटलं नाही. इतकं हलकं वाटत होतं की कौलांवरून उडी मारून खाली आलो असतो.

कार्यक्रम संपला. "या आता खाली," सरपंच म्हणाले. मला हात खाली घेता येईनात. ते वरच आखडले होते. मी तसाच उभा राहून हळूहळू कोपरं मोडायचा प्रयत्न करत होतो. सूर्य वैराटगडाआड गेला होता. सुभेदार अंगणात आले. सगळ्यांना वाटलं, आता ते गुढी उतरवतील. ते गुढीकडे न बघता शिडीच्या बुडाशी आले, वर माझ्याकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"टीव्हीवाले, तुमचं हिंडणं लय असतं. तासगावची यष्टी कवा असती?"

"सकाळी साताऱ्याहून सांगलीची गाडी आहे," मी वरूनच म्हणालो. "पुढे तासगावसाठी गाडी बदलावी लागेल."

"दोन माणसास्नी जागा मिळंल?"

"मिळेल की."

सुभेदार मान हलवून आत गेले. काहीतरी बोलले असावेत, कारण लगेच स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला. पुरणपोळ्या न्यायला घट्ट झाकणाचा डबा मावशी शोधत होत्या.